तिसऱ्या टेबलाच्या मोटारी

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर एक लहानशी खोली होती, आणि त्या खोलीत कमळ घाडी रोज आठ तास मोटारी बंद पडायची वाट बघत बसायची. तिला पगार त्याचाच मिळायचा.

मोटारी म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढ्या, कॅसेट प्लेअरमध्ये बसणाऱ्या. कारखान्यात तयार होणाऱ्या प्रत्येक लॉटमधल्या काही मोटारी तिच्याकडे यायच्या. लोखंडी मांडणीच्या पाच फळ्यांवर अशा साठ मोटारी रांगेने बसवलेल्या असायच्या आणि रात्रंदिवस फिरत असायच्या. प्रत्येकीच्या पोटात कार्बनचे दोन तुकडे, तुरीच्या डाळीएवढे. त्यांना म्हणायचे ब्रश, पण केस एकही नाही. मधल्या फिरत्या तांब्याच्या कड्याला दोन्ही बाजूंनी टेकून राहायचं, वीज आत पोचवायची आणि घासत घासत झिजत जायचं, एवढंच त्या तुकड्यांचं आयुष्य. ब्रश संपले की मोटार संपली. चांगली मोटार हजार तास चालायला हवी, असा नियम. रोज सकाळी कमळ प्रत्येक लॉटमधली एक मोटार उघडायची, मायक्रोमीटरने ब्रश किती उरलाय ते मोजायची आणि रजिस्टरात लिहायची. मोजलेली मोटार परत लावायची नाही, ती वेगळ्या डब्यात.

साठ मोटारींचा आवाज म्हणजे हंड्यात डास कोंडावेत तसा. म्हणून ती खोली वेगळी काढलेली. मधल्या पार्टिशनला काच होती. काचेपलीकडे लांब टेबलांवर बावीस बायका कामाला बसायच्या. कोणी तार गुंडाळतंय, कोणी ब्रश बसवतंय, कोणी टोपण ठोकतंय. त्या हसायच्या, एकमेकींच्या पाठीत धपाटे घालायच्या, रेडिओबरोबर गुणगुणायच्या. कमळला ते सगळं दिसायचं, ऐकू काही यायचं नाही.

तिचं वय तेव्हा चव्वेचाळीस. वडील देवगडकडचे, लालबागच्या गिरणीत साच्यावर कापड विणायला होते. ते गेले तेव्हा कमळ सतरा वर्षांची होती आणि पाठीवर दोन बहिणी नि एक भाऊ. बहिणींची लग्नं लावून देता देता तिचं स्वतःचं राहून गेलं. कोणी मुद्दाम राहू दिलं असं नाही. विषय निघायचा, पुढे ढकलला जायचा, आणि एक वर्ष असं आलं की विषय निघालाच नाही. भाऊ हरेश्वर लग्न करून चाळीतल्या खोलीतच राहिला. दहा बाय बाराच्या खोलीत नवं जोडपं आणि थोरली बहीण कशी मावणार? वहिनीने कधी तोंडाने म्हटलं नाही, पण कमळला न म्हटलेलं लवकर ऐकू यायचं. कारखान्यातल्या काही जणांनी मिळून सोसायटी केली होती, त्यात तिने नाव घातलं आणि चारकोपच्या नव्या सेक्टरमध्ये तिला एक खोली मिळाली. दोन्ही बाजूंचे प्लॉट अजून मोकळेच होते. नुसता पाया घातलेला, सळया वर आलेल्या. सत्याऐंशी सालची गोष्ट ही. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की त्या सळया वाजायच्या.

एकट्या माणसाला सवयी लागतात. कमळला रजिस्टरात लिहायची लागली होती. तारीख, लॉट, तास, ब्रशची जाडी, बसवणाऱ्याचं टेबल, असे रकाने झाले की शेवटी एक रुंद रकाना उरायचा, 'शेरा' नावाचा. तिथे काय लिहायचं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तो रकाना कोणी वाचतही नव्हतं. मग ती मनाला येईल ते लिहायची. 'आज हवा दमट.' 'लॉट नऊची चौथी मोटार किनऱ्या आवाजाची, पण तब्येत चांगली.' 'हरेश्वरचं पत्र नाही.' 'आज प्रेमाने बोंबलाची चटणी आणली.'

प्रेमा तिसऱ्या टेबलावर ब्रश बसवायची. खारदांड्याची कोळीण, तिशी-बत्तिशीची, अंगाने काटक, आवाज खणखणीत. नवरा महादू होडीवर जायचा. डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरायचं नाही, महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी करायची, असं तिने लग्नाआधीच ठरवलं होतं म्हणे, आणि सासूशी भांडून ती एवढ्या लांब यायची. तिच्या डब्यात रोज सुकी मासळी असायची. बाकीच्या बायका नाकाला पदर लावायच्या. दोन-चार दिवस प्रेमाने ते सोसलं, मग एका दुपारी डबा उचलून सरळ कमळच्या खोलीत आली.

"तुला वास चालतो का गो?"

"आमच्याकडे वासाशिवाय जेवणच नसतं," कमळ म्हणाली.

तेव्हापासून दोघी रोज तिथेच जेवायच्या. मोटारींच्या आवाजात फार बोलता यायचं नाही. प्रेमा ओरडून बोलायची, कमळ मान हलवायची.

"ह्या मेल्या दिवसरात्र बोंबलतात, तुला वेड कसं नाय लागलं?"

"लागलंही असेल. सांगणार कोण?"

प्रेमा इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्या वर्षी जानेवारीत कारखान्याला दिल्लीच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर मिळाली. त्यांचा माणूस पाहणीला आला, टेस्टिंगच्या खोलीत धूळ फार आहे म्हणाला. मालक चंद्रप्रकाशशेठनी लगेच एअर कंडिशनर बसवला. खिडकीचे पल्ले काढून तिथे अखंड काच घातली आणि काचेच्या कडा नळीतून निघणाऱ्या पांढऱ्या डिंकाने बंद केल्या. दोन दिवस खोलीत सिरक्यासारखा आंबूस वास होता. एअर कंडिशनरच्या थरथरण्याने काचेच्या कडेला पुन्हा फट पडायची, मग कंत्राटदाराचा माणूस पुन्हा येऊन डिंक भरायचा. वास पुन्हा दोन दिवस.

दिल्लीच्या ऑर्डरचे सगळे ब्रश तिसऱ्या टेबलावर बसवले जात होते. प्रेमाचा हात सगळ्यात हलका म्हणून. त्या मोटारी कमळच्या मांडणीवर चढल्या आणि सातव्या-आठव्या दिवशीच बंद पडायला लागल्या. एकशे साठ तास. एकशे ऐंशी. उघडून बघावं तर ब्रश पार कागदाएवढा पातळ उरलेला. मांडणीवर आधीच्याही काही मोटारी होत्या, त्याही त्याच सुमारास गेल्या; पण त्या तशाही हजाराच्या जवळ आलेल्या, म्हातारं माणूस गेल्यासारख्या. त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही.

मार्चमध्ये शेठनी कमळला रजिस्टर घेऊन केबिनमध्ये बोलावलं. प्रेमा आधीच दारापाशी उभी होती, हाताला काळं लागलेलं तसंच.

"किती तास?" शेठनी विचारलं.

"एकशे साठ. काही एकशे ऐंशी."

"हजार पाहिजेत, हजार. ब्रश कोणी बसवले?"

"तिसरं टेबल."

"टेबल नको, नाव सांगा."

"प्रेमा."

"शेठ, मी नीटच बसवते," प्रेमा म्हणाली. "पट्टी वाकू द्यायची नाय, ब्रश तिरका जाऊ द्यायचा नाय, मला काय कळत नाय? चार वर्षं करतेय."

"मग मोटर झूठ बोलती है? की घाडीबाई खोटं लिहितात?"

प्रेमाने कमळकडे बघितलं. "सांग ना गो ह्यांना."

कमळला एक गोष्ट ठाऊक होती. ब्रश तिरका बसला की मोटार पहिल्या तासापासून कटकटते. या मोटारी चार-पाच दिवस स्वच्छ गात होत्या आणि मग हळूहळू त्यांचा घसा बसत होता. हा बसवणाऱ्या हाताचा दोष नव्हता. हे तिने कानांनी ऐकलं होतं. पण आवाजाचं कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं होतं तासांचं आणि नावाचं. लहानपणापासून तिला विचारल्याशिवाय बोलायची सवय नव्हती, आणि शेठसमोर 'मला असं ऐकू येतं' म्हणायचं म्हणजे तिला वेडेपणा वाटला. तिने रजिस्टर छातीशी धरलं.

"आकडे खरे आहेत," ती म्हणाली.

शेठनी प्रेमाला हिशेब घेऊन जायला सांगितलं. प्रेमाने हात साडीला पुसले. तासाभराने ती गेली तेव्हा बाकीच्या बायका उठून दारापर्यंत गेल्या. कमळ काचेआडून बघत होती. प्रेमाने सगळ्यांचा निरोप घेतला, काचेकडे बघितलं नाही.

शेठनी प्रेमाच्या हातच्या उरलेल्या मोटारी भंगारात टाकायला सांगितल्या. भंगाराचं पिंप जिन्याखाली होतं. संध्याकाळी घरी जाताना कमळ तिथे थांबली, इकडेतिकडे बघितलं आणि तीन मोटारी उचलून डब्याच्या पिशवीत टाकल्या. न विचारता काही घ्यायची तिच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. का घेतल्या, ते तिला नीट सांगता आलं नसतं.

घरी रेडिओ सेलशिवाय विजेवर चालावा म्हणून घेतलेला बॅटरी एलिमिनेटर होता. तो तिने स्टुलावर ठेवला, तिन्ही मोटारींच्या तारा एकत्र पिळून त्याला जोडल्या. खोलीत बारीक गुणगुण सुरू झाली. भात शिजेपर्यंत ती ऐकत राहिली. मग बंद करायला उठली आणि तशीच परत बसली. सबंध घरात तिच्याशिवाय हलणारं दुसरं काही नव्हतं. चालू दे, म्हणाली.

मग त्या चालूच राहिल्या. ती सकाळी निघताना आणि संध्याकाळी परतल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत तास लिहायची. चारकोपला तेव्हा वीज सारखी जायची. वीज गेली की मोटारी थांबायच्या आणि इतकं सुनं व्हायचं की कमळला आपला श्वास ऐकू यायचा. शेजारणीकडून कळायचं किती वेळ गेली होती, तेवढे तास ती वजा करायची. शेजारीण म्हणजे तीन प्लॉट सोडून राहणारी विमला. ती एकदा दारातून डोकावून म्हणाली, "ताई, हे काय, चक्की लावली का घरात?"

"मोटारी आहेत. कंपनीच्या."

"कशाला?"

"बघतेय किती चालतात."

विमलाने थोडा वेळ वाट बघितली, आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून. कमळलाही वाटलं, हिला आत बोलवावं, प्रेमाचं सगळं सांगावं. पण सुरुवात कुठून करायची ते सुचेना. विमला "बरं" म्हणून गेली.

आठवा दिवस उलटला. एकही मोटार थांबली नाही. दहावा उलटला. आवाज तसाच, पहिल्या दिवसाचा. कमळला संध्याकाळी घरी यायची घाई व्हायला लागली. दारापाशी आली की कुलूप काढायच्या आधी कान लावायची. सोळाव्या दिवशी, रविवारी, तिने एक मोटार उघडली. तीनशे वीस तास झाले होते. ब्रश जवळजवळ नव्यासारखा जाड. आतली झिजलेली पूड बोटाला लागली, ती काजळासारखी मऊ. कमळ ती पूड बोटांत चोळत बसली. कारखान्यातल्या मोटारींमधली पूड अशी नव्हती. ती करकरीत लागायची, रांगोळी चिमटीत धरावी तशी. रोज बोटाला लागत होती आणि रोज ती रुमालाला पुसून टाकत होती.

म्हणजे मोटार चांगली. प्रेमाचा हातही चांगला. मग वाईट काय? तर ती खोली.

तिला आधी आनंद झाला, पण तो टिकला नाही. कारण आता हे माहीत असून गप्प राहिली, तर ते मागच्यासारखं राहणार नव्हतं.

तरी ती लगेच बोलली नाही. स्वभाव एका रविवारात बदलत नाही. दुसऱ्या दिवशी तिने घरच्या दोनांपैकी एक मोटार पदरात गुंडाळून नेली आणि मांडणीच्या शेवटच्या फळीवर, कोपऱ्यात, लावून ठेवली. घरी तीनशेहून जास्त तास मजेत चाललेली ती मोटार. चौथ्या दिवशी तिचा घसा बसला. सातव्या दिवशी सकाळी ती थांबलेली होती. उघडली, तर ब्रश संपलेला आणि पूड करकरीत.

इकडे तिसऱ्या टेबलावर आता जया बसत होती. वीस वर्षांची, नुकतीच लागलेली, कामात वाकून जीव ओतणारी. तिच्या हातच्या मोटारीही मांडणीवर चढल्या होत्या आणि सहाव्या दिवशीच घोगऱ्या झाल्या होत्या. काचेपलीकडे जया मान खाली घालून काम करताना कमळला दिसायची. आणखी दोन दिवसांनी शेठ विचारणार होते, नाव सांगा.

कमळने रजिस्टर घेतलं आणि इंजिनीअर श्यामकांत वर्तकांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. वर्तक पस्तिशीचे, घाईतले, बरे गृहस्थ. ते काहीतरी लिहीत होते. त्यांनी वर बघितलं.

"काय, घाडीबाई?"

"साहेब, मी कंपनीच्या तीन मोटारी घरी नेल्या."

"काय?"

"भंगारातनं. न विचारता. प्रेमाच्या हातच्या. त्या घरी चालतायत. एक अजून चालू आहे. पाचशे तास होत आले."

वर्तकांनी पेन खाली ठेवलं. "त्याच लॉटच्या?"

"त्याच. आणि त्यातली एक मी इथे आणून लावली, ती सात दिवसांत मेली. मोटारीत काही नाही, साहेब. आपल्या खोलीत काहीतरी आहे." एवढं बोलून तिला धाप लागली. तरी ती पुढे म्हणाली, "जयाला काढू नका. प्रेमाचीही चूक नव्हती. मला तेव्हाच आवाजावरून कळलं होतं."

"तेव्हाच? मग बोलला का नाहीत?"

कमळने मान खाली घातली. वर्तकांनी तो प्रश्न तिथेच सोडला आणि रजिस्टर ओढून घेतलं. "कधीपासून व्हायला लागलं हे? नेमकं कधी?"

ते पानं मागे मागे उलटत गेले. आकड्यांवरून त्यांची नजर शेवटच्या रकान्यात गेली आणि तिथे अडकली. त्यांचा वेग कमी झाला. 'आज हवा दमट.' 'सणाची सुट्टी होती, तरी आले. घरी काय करणार.' 'प्रेमा म्हणते मला वेड लागलंय.' 'प्रेमा आज आजारी, एकटीच जेवले.' कमळचे कान तापले. कोणीतरी आपलं कपाट उघडून उभं आहे असं तिला वाटलं. वर्तक पानं उलटत राहिले. एका पानावर त्यांनी बोट टेकवलं.

"'खिडकी बंद केली. सिरक्याचा वास.' हे काय?"

"काच बसवली ना, त्या दिवशीचं. तो पांढरा डिंक."

"आणि ही पहिली लवकर बंद पडलेली मोटार..." त्यांनी तारखा बोटांवर मोजल्या. "त्यानंतर दहा दिवसांनी. इथे पुन्हा, 'डिंकवाला परत आला.' इथे परत." ते उठले आणि टेबलाचे खण उपसायला लागले. सगळ्यात खालच्या खणात ब्रश पुरवणाऱ्या कंपनीचं एक पातळ पुस्तक होतं, इंग्रजी, प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढलेलं. ते त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. मग खुर्चीत बसले.

"लिहिलंय इथे," ते म्हणाले. "बंद जागेत सिलिकॉनची वाफ असेल तर ब्रशच्या ठिणगीत तिची वाळूसारखी पूड होते. ती पूड ब्रश खाते. तो डिंक सिलिकॉनचा आहे, घाडीबाई. वर्षभर हे पुस्तक माझ्या खणात पडलंय." पुस्तक मिटून ते म्हणाले, "मी वाचलं नाही."

मग सगळं भराभर झालं. ब्लेडने खरवडून डिंक काढला, काच काढून जुने पल्ले परत लावले, मांडणी रॉकेलने पुसून घेतली. जयाच्या आणखी वीस मोटारी निम्म्या त्या खोलीत आणि निम्म्या गोदामात लावल्या. मे महिना निम्मा सरला तेव्हा चारशे तास झाले होते आणि दोन्हीकडच्या मोटारी गात होत्या. चंद्रप्रकाशशेठ स्वतः टेस्टिंगच्या खोलीत आले. नोकरीला लागल्यापासून कमळने त्यांना त्या खोलीत दुसऱ्यांदाच बघितलं.

"घाडीबाई, आपने तो कंपनी बचा ली," ते ओरडून म्हणाले. "बोला, काय पाहिजे?"

"प्रेमाला परत बोलवा."

"कोण प्रेमा?"

तिने सांगितलं.

"अरे हां हां. येऊ द्या ना. मैंने कब मना किया?" ते म्हणाले, जणू प्रेमाच स्वतःहून रुसून गेली होती. "तुम्हीच सांगा तिला."

पुढच्या रविवारी कमळ खारदांड्याला गेली. तिने प्रेमाचं घर कधी बघितलं नव्हतं. विचारत विचारत ती गल्ल्यांमधून समुद्राच्या बाजूला आली. उन्हाचा कडाका होता. बांबूंच्या आडव्या दांड्यांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत टाकलेले, खाली जमिनीवर जवळा पसरलेला. प्रेमा उकिडवी बसून जवळ्यातला कचरा निवडत होती. उन्हाने रापली होती. कमळला बघून ती उठली नाही.

"तू?"

"शेठनी बोलावलंय तुला. परत कामावर." वाटभर तिने घोकलेलं दुसरंच काही होतं. हे आधी तोंडातून गेलं. मग तिने खिडकीचं, डिंकाचं, घरी चालवलेल्या मोटारींचं सगळं सांगितलं. प्रेमाचे हात चालूच होते, पण ती ऐकत होती.

"म्हणजे माझी चूक नव्हती."

"नव्हती."

"ते मला ठाऊकच होतं." तिने एक खेकड्याचं पिल्लू वेचून लांब फेकलं. "तुला कधी कळलं?"

कमळला खोटं बोलता आलं असतं. 'एप्रिलात' म्हणाली असती तरी ते अर्धं खरंच होतं.

"नक्की एप्रिलात कळलं. पण तुझा हात वाईट नाही, हे त्या दिवशीच माहीत होतं. आवाजावरून."

"केबिनमध्ये उभी होतीस तेव्हा?"

"हो."

प्रेमाचे हात थांबले. तिने डोळ्यांवर हात धरून कमळकडे बघितलं, बराच वेळ. राग असता तर कमळला बरं वाटलं असतं.

"मी तुला म्हटलं होतं, सांग ना गो म्हणून."

"म्हटलं होतंस."

"मग?"

"मला कोणी आवाजाचं विचारलं नव्हतं," कमळ म्हणाली, आणि तेवढ्या उन्हातही तिला आपलं हे वाक्य गार लागलं.

प्रेमा पुन्हा खाली वाकली. "मी नाय यायची," ती म्हणाली. "सासू पहिले आठ दिवस हसली मला, आता गप झाली. बाजारात जागा मिळालीय, गिऱ्हाईक लागलंय. आता परत गेले नि उद्या आणखी काय मोडलं, तर परत रजिस्टरात बघून मला विचारणार, तुझं टेबल कुठलं. इथं मासा नासला तर मला वासानं कळतो. कोणाला विचारायला लागत नाय."

"माझ्यामुळे..."

"असू दे." तिने मुलाला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. कमळ उभ्यानेच पाणी प्यायली. जावं की बसावं, तिला समजेना. शेवटी ती खाली बसली आणि जवळा निवडायला लागली. प्रेमाने अडवलं नाही. दोघी बराच वेळ निवडत राहिल्या. भांडी घासल्याचा, समुद्राचा आवाज येत होता. इथे ओरडून बोलायची गरज नव्हती, तरी कोणी बोललं नाही.

"जेवतेस कोणाबरोबर आता?" प्रेमाने मान वर न करता विचारलं.

"एकटीच."

प्रेमाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात एक बाई बोंबलांचा भाव करायला आली आणि प्रेमा पदर खोचून उठली. ती बाई चिकट होती, घासाघीस लांबत गेली. कमळ हात झटकून उभी राहिली. "येते गं," ती म्हणाली. प्रेमाने गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मान हलवली, ती कमळला होती की त्या बाईला, ते कळलं नाही.

बस स्टॉपवर सावली नव्हती. टोपली उपडी घालून तिच्यावर एक म्हातारी कोळीण बसली होती. तिने कमळकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. हाताला जवळ्याचा वास, साडी मात्र बाहेरगावची.

"कोणाकडं आली होतीस गो?"

कमळच्या ओठांवर 'मैत्रीण' हा शब्द आला होता. तो तिने गिळला.

"कामावर होती आमच्या," ती म्हणाली. "तिच्याकडे."

म्हातारीने बरं म्हणून मान वळवली आणि दोघी बस येते का ते बघत राहिल्या.